युद्धोत्तर फ्रेंच फर्निचर आणि गृहसजावट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच फर्निचर म्हटलं की सोनेरी मुलामा, मखमल आणि नागमोडी पाय डोळ्यांपुढे येतात. इथे आलेले बहुतेक प्रश्न त्या राजेशाही सामानाबद्दल नाहीत. ते ओकच्या फळ्या, वाकवलेला पत्रा आणि वेत यांच्या काळाबद्दल आहेत. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘युद्धोत्तर’ म्हणजे नेमकी कोणती वर्षं धरायची?

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं आणि वर्ष संपायच्या आत राऊल दोत्री यांच्याकडे पुनर्बांधणी आणि नगररचनेचं नवं मंत्रालय आलं. सुरुवात तिथून धरावी. शेवटाबद्दल एकमत नाही. कोणी १९५८ म्हणतं, कारण ‘यूएएम’ ही आधुनिक कलाकारांची १९२९ पासूनची संघटना त्या वर्षी विसर्जित झाली. मला १९६८च्या आसपास थांबणं पटतं. तोवर फोम आणि प्लास्टिक घरोघर आलेलं होतं आणि टंचाईची आठवण पुसट झाली होती.

२. युद्धामुळे टेबल-खुर्चीत एवढा काय फरक पडला?

घरंच पडली, हे पहिलं कारण. साडेचार लाखांच्या आसपास घरं पूर्ण जमीनदोस्त झाली आणि पडझड झालेली त्याहून कितीतरी जास्त होती. बेघर झालेल्या कुटुंबाचं सगळं सामान एकदम गेलेलं असे: पलंग, कपाट, ताटं, सगळंच. आजोबांचं फडताळ नातवाकडे येण्याची जी साखळी असते ती एका रात्रीत तुटली.

दुसरं कारण लाकडाची आणि लोखंडाची टंचाई. तिसरं कारण नव्या घरांचा आकार. उंच छताच्या खोलीसाठी घडवलेलं अवजड शिसवी कपाट नव्या फ्लॅटच्या जिन्यातून वरच जाईना.

आणि जी घरं उभी होती ती तरी कशी होती? १९५४च्या जनगणनेत दहातल्या जेमतेम एका घरात टब किंवा शॉवर होता, आणि घराच्या आत संडास असलेली घरं चारात एकाच्या आसपास. पॅरिसच्या चकचकीत छायाचित्रांवर वाढलेल्या आपल्याला हे आकडे खरे वाटत नाहीत. पण त्या काळातल्या खुर्च्या समजायच्या तर आधी हे आकडे डोक्यात ठेवावे लागतात.

३. या सगळ्याची सुरुवात कोणी केली? प्रूव्हेने का?

प्रूव्हेचं नाव सगळ्यांना माहीत असतं म्हणून तसं वाटतं (त्याच्याबद्दल प्रश्न ६ पाहा). माझं उत्तर रने गाब्रिएल आहे.

ल हाव्र हे नॉर्मंडीतलं बंदर सप्टेंबर १९४४च्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश बाँबहल्ल्यात बेचिराख झालं. गाव पुन्हा उभं करायचं काम ओग्यूस्त पेरे या काँक्रीटच्या वास्तुकाराकडे आलं. त्याने सगळं गाव ६.२४ मीटरच्या चौकटीवर आखलं: खांब, खिडक्या, रस्त्यांची अंतरं, सगळं त्या मापाच्या हिशोबात. पण लोकांना काँक्रीटच्या खोल्यांत राहायला जायचं म्हणजे काय ते कळेना. मग आपल्याकडे बिल्डर करतात तेच तिथल्या सरकारने केलं, सॅम्पल फ्लॅट सजवून दाखवले. ते सजवण्याचं काम गाब्रिएलकडे आलं.

त्याचं फर्निचर पाहिलं तर पहिल्यांदा निराशाच होते. सरळ ओक, सरळ पाय, पाठीला आडव्या पट्ट्या, कुठेही नक्षी नाही. कारखान्यात एकाच मापाचे भाग कापायचे आणि तेच भाग खुर्चीला, पलंगाला, कपाटाला फिरवून वापरायचे, हा त्याचा हिशोब होता. बाँबहल्ल्यात सर्वस्व गेलेल्या कुटुंबाला हप्त्याने घेता येईल असं सामान त्याला करायचं होतं, आणि युद्ध चालू असल्यापासून तो तेच करत होता. गाब्रिएल १९५० मध्ये गेला. स्वस्त आणि चांगल्या कारखानी फर्निचरसाठी पुढे त्याच्या नावाने पारितोषिक सुरू झालं. लिलावात आज त्याच्या खुर्चीला प्रूव्हेच्या तुलनेत काहीच भाव येत नाही, आणि मला वाटतं त्याला ते चाललं असतं.

४. फ्रेंच मासिकांत त्या काळी सारखी ‘सामान ठेवण्याची सोय’ हीच चर्चा दिसते. एवढं काय त्यात?

दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर खुर्चीपेक्षा कपाट महत्त्वाचं, हे मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तिथे हा विचार शास्त्राच्या पातळीला नेला तो मार्सेल गास्क्वाँने. तो ल हाव्रचाच, १९०७चा जन्म, बंदरात वाढलेला. जहाजाच्या केबिनमध्ये इंच न् इंच कसा वापरतात ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं.

गास्क्वाँची पद्धत उलट्या बाजूने सुरू होते. कपाटाचा आकार आधी ठरवायचा नाही. घडी घातलेला शर्ट किती रुंद, चादरींची चळत किती उंच, ताटाचा व्यास किती, कोट अडकवला की खाली किती जागा लागते, हे मोजायचं. त्यावरून खण, त्यावरून कपाटाचं माप आणि त्यावरून भिंत. कपाटाच्या दारालाही आतून उथळ खण. बिछान्याच्या डोक्याशी पुस्तकांची आणि गजराच्या घड्याळाची जागा. मुलांच्या खोलीत टेबल भिंतीला मिटणारं.

याचं दुसरं महत्त्व असं की त्याची कचेरी ही एक शाळाच झाली. पुढच्या पिढीतले पिएर गारिश, मिशेल मोर्तिए, जोझेफ-आंद्रे मोत आणि पिएर पोलाँ हे सगळे तिथे राबून गेलेले. पोलाँच्या नंतरच्या मऊ, गोलमटोल खुर्च्या पाहून (प्रश्न ११) हा माणूस एके काळी खणांची मापं घेत होता हे खरं वाटत नाही.

५. पण त्याच काळातल्या फ्रेंच सजावटीत चामडं, ब्राँझ आणि उंची लाकूडही दिसतं. मग टंचाई कुठे गेली?

दोन फ्रान्स शेजारी शेजारी चालू होते. एक सॅम्पल फ्लॅटचा, दुसरा वकिलाती, मंत्र्यांची दालनं आणि जहाजांचा. दुसऱ्या फ्रान्समध्ये ‘सजावटकार’ हा जुना मान कायम होता: घराचा पडदा, गालिचा, दिवा, दाराची मूठ, सगळं एकाच माणसाच्या हाताखालून जायचं. आंद्रे आर्ब्यूस त्यातला अभिजात वळणाचा. झाक आद्ने १९२८ पासून ‘कोंपान्यी देझार फ्रांसे’ ही संस्था चालवत होता. १९५०च्या दशकात त्याने एर्मेस या चामड्याच्या वस्तूंच्या कंपनीबरोबर घोड्याच्या खोगिराची शिवण घातलेल्या चामड्याच्या टेबल-खुर्च्या आणि आरसे केले.

आणि ज्याँ र्वायेर, माझा लाडका. बँक आणि आयात-निर्यातीचा धंदा सोडून तिशी उलटायच्या सुमारास फर्निचरकडे वळलेला माणूस. १९४७ मध्ये त्याने आईच्या पॅरिसमधल्या घरासाठी एक गुबगुबीत, पाय जवळजवळ दिसतच नाहीत असा सोफा केला. त्याला आज ‘ध्रुवीय अस्वल’ म्हणतात. र्वायेरची दुकानं कैरो, बैरुत आणि तेहरानमध्येही होती. काटकसरीच्या त्या दिवसांत असा सोफा म्हणजे सरळ चैन, आणि त्याने ती चैन लपवली नाही.

सरकारी प्रतिष्ठेचा शेवटचा मोठा देखावा म्हणजे १९६० मध्ये पाण्यात उतरलेलं आणि १९६२ मध्ये प्रवासाला निघालेलं ‘फ्रान्स’ हे ३१५ मीटर लांबीचं जहाज. गंमत अशी की आगीच्या भीतीने त्यात लाकूड जवळजवळ वापरलंच नाही. देशभरच्या नामवंत सजावटकारांना अ‍ॅल्युमिनियम आणि लॅमिनेट यांतून श्रीमंती काढावी लागली.

६. ज्याँ प्रूव्हे वास्तुकार होता की फर्निचर बनवणारा?

लोहार होता. हे हिणवून म्हणत नाही, त्याचं शिक्षणच घडीव लोखंडाचं. १९०१ सालचा जन्म, नान्सी गावाशी आयुष्यभराचं नातं, वडील व्हिक्तोर प्रूव्हे तिथल्या कलाचळवळीतले चित्रकार. औपचारिक अर्थाने तो वास्तुकार नव्हता, तरी पुढे १९७१ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राची रचना निवडणाऱ्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष तोच होता. मुक्तीनंतर काही काळ नान्सीचा महापौरही.

त्याची साधी खुर्ची समजून घेतली की तो कळतो. माणूस खुर्चीत रेलतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बैठक आणि पाठ जिथे भेटतात तिथे, म्हणजे मागच्या पायांवर येतो. पुढच्या पायांवर तेवढा भार नसतो. म्हणून पुढचे पाय साध्या नळीचे, आणि मागचे पाय पत्रा दुमडून आतून पोकळ केलेले, ताण असेल तिथे रुंद आणि खाली निमुळते. बैठक आणि पाठ प्लायवुडची. ही कल्पना १९३४ची, पण युद्धात पोलाद मिळेनासं झालं तेव्हा त्याने तीच खुर्ची संपूर्ण लाकडात केली, आणि मागच्या पायांचा तो आकार तिथेही ठेवला. लोखंडासाठी शोधलेला आकार लाकडाने निमूटपणे मान्य केला, कारण मुळात तो ताणाचा आकार होता.

१९४७ पासून नान्सीजवळच्या माक्सेव्हील इथला त्याचा कारखाना शाळांची बाकं, वसतिगृहांचे पलंग, घडवून जागेवर जोडायची घरं असं सगळं काढत होता. हळूहळू भांडवल अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीकडे गेलं आणि १९५३ मध्ये तो स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडला. पुढच्या वर्षी उरल्यासुरल्या भागांतून त्याने नान्सीच्या एका उतारावर घरच्यांच्या आणि मित्रांच्या मदतीने स्वतःचं घर उभं केलं. १९५६ मध्ये बेघरांसाठी झटणाऱ्या आबे पिएर यांच्या सांगण्यावरून त्याने स्वस्त घराचा नमुना बांधला. स्वयंपाक आणि न्हाणी मधोमध एकाच पोलादी गाभ्यात होती. त्या घराला सरकारी मान्यता मिळाली नाही आणि ते कारखान्यात गेलंच नाही.

७. शार्लोत पेरियाँने ल कॉर्बुझिए या वास्तुकाराबरोबर खुर्च्या केल्या एवढंच माहीत आहे. युद्धानंतर तिने काय केलं?

खरं काम तिथूनच सुरू होतं असं माझं मत आहे. १९४० मध्ये जपानच्या सरकारने तिला सल्लागार म्हणून बोलावलं. युद्ध भडकल्यावर ती इंडोचायनात अडकली आणि १९४६ मध्ये परतली. जपानहून तिने बांबू आणला असं लिहितात, पण त्याहून मोठी गोष्ट आणली ती रिकामी जागा: खोलीत सामान कमी, आणि जे आहे ते भिंतीला धरून.

मार्सेय इथल्या ल कॉर्बुझिएच्या ३३७ फ्लॅटच्या इमारतीसाठी (१९५२) तिने स्वयंपाकघराचा नमुना केला. ओटा बसायच्या खोलीकडे उघडा, मध्ये दोन्ही बाजूंनी उघडणारं कपाट. रांधणारी बाई कुटुंबाकडे पाठ करून कोपऱ्यात बसणार नाही, हा मुद्दा. बाहेरच्या मार्गिकेतून एका लहान दारातून बर्फ आणि किराणा थेट घरात टाकायची सोयही त्या इमारतीत होती.

१९५२ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थी वसाहतीतल्या ट्युनिशिया आणि मेक्सिको भवनांच्या खोल्यांसाठी तिने ती पुस्तकांची मांडणी केली, जी आज चित्रांत सगळीकडे दिसते: लाकडी फळ्या, मध्ये रंगीत पत्र्याचे ठोकळे. रंगांच्या निवडीत सोनिया दलोने या चित्रकर्तीचा हात होता. १९५६ मध्ये स्तेफ सिमाँ यांनी पॅरिसच्या बुल्व्हार सां-झेर्मांवर दालन उघडलं आणि तिच्या, प्रूव्हेच्या, सर्ज मूयच्या दिव्यांसकट (प्रश्न १२) सगळ्या वस्तू एका छताखाली आल्या. ते दालन १९७४ पर्यंत चाललं.

८. मग ती मांडणी पेरियाँची की प्रूव्हेची?

रचना पेरियाँची, पत्र्याचे भाग प्रूव्हेच्या कारखान्यात केलेले. लिलावात मात्र वर्षानुवर्षं ती प्रूव्हेच्या नावाने विकली गेली, कारण त्या नावाला भाव जास्त होता. हल्ली बहुतेक ठिकाणी दोन्ही नावं लावतात. पण ‘दोन्ही’ हे उत्तर प्रत्येक वस्तूला चालत नाही. मागच्या पायाचा तो पोकळ आकार दिसला की विचार प्रूव्हेचा. जाड लाकडाच्या मुक्त आकाराच्या टेबलाला तीन पाय दिसले की पेरियाँकडे बघायचं. बायकांची नावं गळण्याची दुसरी गोष्ट प्रश्न १४ मध्ये आहे.

९. ल कॉर्बुझिएची ती काळ्या चामड्याची, चकचकीत नळ्यांची खुर्ची युद्धोत्तर ना?

नाही. ती आणि तो प्रसिद्ध आडवा होण्याचा कोच १९२८च्या सुमाराचे. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि पेरियाँ या तिघांचं ते काम. गोंधळ होतो त्याला कारण आहे: त्या काळी त्या फारच थोड्या बनल्या. १९५९ पासून झुरिचमध्ये आणि १९६५ पासून इटलीच्या कासिना कंपनीकडून त्या पुन्हा काढल्या गेल्या, आणि मग कंपन्यांच्या स्वागतकक्षांतून जगभर पोचल्या. म्हणजे तुमच्या ओळखीची खुर्ची बहुधा साठोत्तरीच असते, तिचा आराखडा मात्र १९२०च्या दशकातला.

१०. पत्रा, वेत, फॉर्मायका: या काळाची खास सामग्री कोणती?

आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते फॉर्मायका पन्नाशीत फ्रेंच स्वयंपाकघरांत घुसलं आणि पुसायला सोपं म्हणून टिकलं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

वेताचं मात्र आहे. लाकूड आणि पोलाद दुर्मिळ असताना वेत बराच सुटसुटीत मिळत होता. लुई सोन्यो, जानीन आब्राआम आणि दिर्क यान रोल यांनी तो बागेतून उचलून बैठकीच्या खोलीत आणला. मोतची १९४९ची तिपायी खुर्चीही वेताचीच.

पत्र्याची सर्वांत देखणी कामं मात्यो मातेगोची. मूळचा हंगेरीचा हा माणूस फ्रेंच सैन्यात गेला आणि जर्मनांच्या कैदेत असताना कारखान्यात राबवला गेला. तिथे त्याची पत्र्याशी ओळख झाली. परत आल्यावर त्याने बारीक भोकं पाडलेला पत्रा कापडासारखा दुमडायला सुरुवात केली: मासिकं ठेवायचे घडीव कप्पे, चाकांची ट्रॉली, ‘नागासाकी’ नावाची तिपायी खुर्ची (१९५४). १९६०च्या आसपास त्याने हे सगळं बंद केलं आणि उरलेलं आयुष्य भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांना दिलं.

याच काळात लील शहरातल्या रोबेर गियेर्म आणि झाक शांब्रों यांनी अगदी उलट वाट धरली: भरीव, जाड ओक. दोघांची ओळख युद्धकैद्यांच्या छावणीतली. त्यांच्या ‘व्होत्र मेझों’ या संस्थेचं सामान बरीच वर्षं गावठी समजलं गेलं, हल्ली त्याला बरे दिवस आले आहेत.

११. गोल, रंगीत, एकसंध कापडाच्या खुर्च्या म्हणजे पिएर पोलाँ. त्या आतून कशा असतात?

आत पोलादी नळीचा सांगाडा, त्यावर फोम आणि वर पोहण्याच्या पोशाखासारखं ताणलं जाणारं जर्सी कापड, एखादा पायमोजा चढवावा तसं. त्यामुळे गादी भरणाऱ्या कारागिराचे टाके, खिळे, शिवणी हे सगळं गेलं. ‘मशरूम’ (१९६०), ‘रिबन’ (१९६६) आणि ‘टंग’ (१९६७) ही नावं तुम्ही ऐकली असतील. या खुर्च्या फ्रान्समध्ये बनल्या नाहीत, नेदरलँड्समधल्या आर्टिफोर्टने बनवल्या. फ्रेंच कारखानदार धीर करायला कमी पडले, हे या काळाचं एक दुखणं आहे.

सरकार मात्र कारखानदारांपेक्षा धीट निघालं. आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना १९६४ मध्ये ‘मोबिलिए नास्योनाल’ या सरकारी फर्निचर भांडाराने नव्या रचनांसाठी स्वतंत्र कार्यशाळा काढली. तिथूनच १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांच्यासाठी पोलाँने एलिझे राजवाड्यातल्या खाजगी खोल्या सजवल्या. अठराव्या शतकाच्या नक्षीदार भिंतींना एकही खिळा न लावता त्याने आत दुसरं कापडी कवच उभं केलं. पुढच्या राष्ट्राध्यक्षांना ते रुचलं नाही आणि बरंचसं उतरवलं गेलं.

ऑलिव्हिए मूर्गच्या ‘जिन’ खुर्च्या (१९६५) त्याच जातकुळीच्या. १९६८च्या एका गाजलेल्या अंतराळपटात दिसलेल्या लाल खुर्च्या त्याच.

१२. काळे, लांब हातांचे, किड्यासारखे दिवे कोणाचे?

सर्ज मूयचे. चांदीकाम शिकलेला कारागीर, १९२२चा जन्म. आद्नेने (प्रश्न ५) मोठ्या दिव्याची मागणी केली आणि १९५३ मध्ये तीन हातांचा उभा दिवा तयार झाला. छत्रीचा पत्रा हाताने ठोकून काढलेला, आतून पांढरा, बाहेरून काळा. बाजारात याच्या नकला सर्वांत जास्त आहेत. पिएर गारिशचे दिस्देरो या दिव्यांच्या कंपनीसाठी केलेले दिवे शांत स्वभावाचे आणि खोलीत जास्त चांगले वागतात.

१३. सर्वसामान्य फ्रेंच माणसाने हे फर्निचर खरंच घेतलं का?

बहुतेकांनी नाही. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण चित्रांच्या पुस्तकांत तो दडवलेला असतो.

दर वर्षी पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरायचं. १९२३चं हे प्रदर्शन युद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पन्नाशीत तिथे दहा लाखांहून जास्त माणसं लोटायची. ‘आजचं घर’ या विभागात गास्क्वाँ, गारिश, मोर्तिए यांच्या खोल्या मांडलेल्या असत. लोक पाहायचे, माना डोलवायचे, आणि घरी जाताना कोरीव पायांचं जेवणाचं टेबल आणि बुफे सांगून यायचे. लग्नात जड लाकडाचं सामान मिळालं म्हणजे संसार बसला, ही समजूत तिथेही होती. पैसे साठले की आधी फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र, खुर्चीचा नंबर नंतर.

शिवाय किंमत. प्रूव्हे आणि पेरियाँ यांना वस्तू हजारोंनी निघायला हव्या होत्या. मागणी शेकड्यांत राहिली, ती मुख्यतः वसतिगृहं, शाळा आणि कचेऱ्यांची. हजारोंनी विकायचं काम खऱ्या अर्थाने जमलं ते प्रिझ्युनिक या साध्या बाजारसाखळीला, तेही १९६८ मध्ये टपालाने मागवायचा कॅटलॉग काढल्यावर.

१४. चंदीगडच्या वेताच्या खुर्च्यांना फ्रेंच का म्हणतात?

सवयीने. रचनाकार पिएर जानरे हा ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, जन्म जिनिव्हाचा. स्वतः ल कॉर्बुझिएही जन्माने स्विस, १९३० मध्ये फ्रेंच नागरिक झालेला. जानरे १९५१ मध्ये चंदीगडला आला आणि आजारपणामुळे १९६५ मध्ये परत जाईपर्यंत राहिला. १९६७ मध्ये तो जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेनुसार अस्थी सुखना तलावात विसर्जित केल्या आहेत.

नवं शहर म्हणजे हजारो खुर्च्या लागणार: उच्च न्यायालय, सचिवालय, विद्यापीठ, ग्रंथालयं. पोलाद महाग, वाळवी भरपूर. म्हणून सागवान आणि वेत. पाय उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखे, दोन फळ्यांचे, कुठल्याही सुताराला रंध्याने काढता येतील असे. एका कारखान्यात नाही, अनेक ठेकेदारांकडे त्या बनल्या, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापं जुळत नाहीत. ही खोट नव्हे, कामाची रीतच ती.

जानरेच्या हाताखाली भारतीय वास्तुकारांची मोठी तुकडी होती. त्यातल्या युली चौधरी या वास्तुकार बाईंचा फर्निचरमध्ये मोठा वाटा, पण परदेशी लिलावाच्या कॅटलॉगांत त्यांचं नाव फार उशिरा आलं. मराठी वाचकांना जवळचा धागा म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएच्या कचेरीत होते आणि चंदीगडच्या इमारतींवर तिथूनच काम करत होते.

पेरियाँ चंदीगडला फर्निचर करायला आली होती का, असंही विचारलं जातं. नाही. चंदीगडचं फर्निचर जानरे आणि तिथल्या तुकडीचं.

१५. माझ्याकडे अशी एक खुर्ची आहे. ती परदेशी विकता येईल का?

सरकारी कचेऱ्यांनी प्लास्टिक आणि लोखंडी खुर्च्या आल्यावर या खुर्च्या गच्चीवर ढीग घालून टाकल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात काढल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या कायदेशीर लिलावांतूनच उचलल्या. नंतर किमती हजारो डॉलरवर गेल्या तेव्हा ओरड झाली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हा वारसा विकायला आणि बाहेर न्यायला मनाई करणारा आदेश काढला, आणि चंदीगडच्या यादीत अशा बारा हजारांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या.

गुंता इथे आहे: १९७२चा पुरावस्तू कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो, आणि या खुर्च्यांना अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत. त्यामुळे देशाबाहेर गेलेल्या खुर्च्या परत मागणं अवघड जातं. तुमची खुर्ची सरकारी मालमत्तेची होती का, हा पहिला प्रश्न. मागच्या पट्टीवर किंवा बैठकीखाली रंगवलेली अक्षरं आणि क्रमांक शोधा, खात्याची खूण असते. सरकारी लिलावाची पावती असेल तर जपून ठेवा. नसेल तर विकण्याच्या भानगडीत पडण्याआधी वकिलाला विचारा.

आणि एक विनंती: पॉलिश करू नका. जुनं पॉलिश खरवडून चकचकीत केलेली खुर्ची खूणही घालवते आणि किंमतही.

१६. आज दुकानात मिळणारी प्रूव्हेची खुर्ची खरी की नकली?

तीन प्रकार वेगळे ठेवा. त्या काळी बनलेली ती मूळ. वारसांच्या परवानगीने आज बनते ती पुनर्निर्मिती: प्रूव्हेसाठी २००२ पासून व्हिट्रा ही कंपनी, पेरियाँसाठी कासिना. परवानगीशिवाय बनते ती नक्कल. पुनर्निर्मिती ही फसवणूक नाही, ती मूळ म्हणून विकली तर फसवणूक.

अपवाद चंदीगडचा. तिथे एकच मूळ कारखाना नव्हता, त्यामुळे ‘अधिकृत’ कोण हे सांगणं कठीण. तुमच्या गावच्या सुताराने नीट बनवलेली खुर्ची मूळ खुर्चीच्या पद्धतीला बहुधा जास्त जवळची असते. फक्त ती १९५५ची आहे असं सांगू नका.

१७. एवढ्या किमती कशा? ते तर स्वस्त सामान होतं ना?

होतं. तेच टोचतं. आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिल शहरासाठी प्रूव्हेने केलेलं सुटं करता येणारं घर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ पन्नास लाख डॉलरला गेलं. र्वायेरचे सोफे दहा लाखांच्या वर जातात, पण ते मुळातच श्रीमंतांचे. वसतिगृहाच्या टेबलाचं तसं नाही. संख्या कमी राहिली (प्रश्न १३), वापर रगडून झाला, बरंच फेकलं गेलं, आणि १९९०च्या दशकात पॅरिसच्या चार-पाच व्यापाऱ्यांनी उरलेलं गोळा करून प्रदर्शनं आणि जाड पुस्तकं काढली. त्यातून हा बाजार उभा राहिला.

१८. प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

पॅरिसला जाणार असाल तर रिव्होली रस्त्यावरचं सजावट कला संग्रहालय. पॅरिसच्याच वास्तुकला संग्रहालयात मार्सेयच्या फ्लॅटची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे, पेरियाँचं स्वयंपाकघर त्यातच पाहायला मिळतं. नान्सीत प्रूव्हे. पण एकच ठिकाण निवडायचं तर ल हाव्रचा सॅम्पल फ्लॅट: गाईडबरोबरच आत सोडतात, वेळ आधी ठरवून जा.

एवढं लांब जायचं नसेल तर चंदीगड. सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए केंद्र, आणि सेक्टर ५ मधलं जानरेचं स्वतःचं घर, जे आता संग्रहालय आहे. कॅपिटॉल संकुल २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत जायला ओळखपत्र लागतं, मूळ घेऊन जा.